टाकणाऱ्याची सही

कारखान्याच्या पुढच्या शेडवर कंपनीचं नाव असतं, सुरक्षेची प्रतिज्ञा असते, २६ जानेवारीच्या पताका असतात. मागच्या शेडवर काहीच नसतं. साताऱ्याच्या एमआयडीसीत जा की मिरजेच्या नाहीतर कुपवाडच्या, या मागच्या शेडमधला ऐवज साधारण सारखाच निघतो. रिवाइंडिंगला जायच्या राहिलेल्या जळक्या मोटारी, तेलाची रिकामी बॅरलं, बंद पडलेल्या मॉडेलची जिग-फिक्श्चर, कुणीतरी चुकीच्या मापाची मागवलेली बेअरिंगची अख्खी पेटी, एक पाय मोडलेल्या खुर्च्या, आणि एखादा डेझर्ट कूलर, ज्यात मांजर व्यालेली असते. हे सगळं कशासाठी ठेवलंय म्हणून विचारलं की कामगारापासून मालकापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: "असू दे, लागेल कधीतरी."

अशाच कारखान्यांत माझी बरीचशी नोकरी गुणवत्ता विभागात झाली. त्यामुळे 'फाईव्ह एस' हा प्रकार माझ्या ताटात नेहमीच वाढलेला असायचा. पुण्या-चाकणच्या गाडीवाल्या कंपन्यांना माल द्यायचा तर त्यांचे लोक ऑडिटला येणार, आणि आले की पहिल्यांदा मशीन नाही, जमीन बघणार. मग भिंतीवर पाच जपानी शब्दांचा फलक लागतो. सीरी, सीटॉन, सीसो, सीकेत्सु, शित्सुके. खाली मराठीत निवड, मांडणी, सफाई, प्रमाण, शिस्त. सकाळच्या सभेत पोरं हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. टोयोटाच्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर जी काटकसरीची घडी बसली, तिचा हा पाया. जागा नाही, पैसा नाही, कच्चा माल नाही, अशा अवस्थेतल्या माणसांनी ती बसवली; शोधण्यात, उचलण्यात, वाट बघण्यात जाणारा वेळ म्हणजे फुकट गेलेला पैसा, हा तिचा हिशेब. आता तर सरकारही त्यात आहे. मार्च २०२३ पासून लघुउद्योगांसाठी या काटकसरीची, म्हणजे 'लीन'ची, नवी योजना आहे आणि सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं.

योजना चांगली आहे. पण खर्चातला वाटा उचलणं सोपं असतं. खरी अडचण पहिल्याच 'एस'ला येते, आणि ती पैशाची नसते.

पहिला 'एस' असा: नको असलेली वस्तू दिसली की तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, किती आहेत, कधीपासून पडून आहेत, कुणी चिठ्ठी बांधली, आणि काय करायचं: ठेवा, हलवा, विका, टाका. मग ती वस्तू एका आखलेल्या चौकोनात नेऊन ठेवायची, ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही तर तिची वाट लावायची. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चिठ्ठीचे वरचे रकाने भराभर भरले गेले. सगळ्यात खालचा 'मंजुरी – सही' हा रकाना कोरा राहिला. पोरांनी उत्साहाने बांधलेल्या चिठ्ठ्या पावसाळ्यात दमट होऊन गुलाबी पडल्या, आखलेला चौकोन भरला, मग शेजारी दुसरा आखला. ऑडिटच्या आदल्या दिवशी दोन्ही चौकोनांतलं सामान ट्रॉलीवर घालून मागच्या शेडला. ऑडिटर मागच्या शेडला जात नाही, कारण तिकडे जाताना चहाची वेळ होते.

यात कुणाला आळशी म्हणायचं? स्टोअरकीपरने बेअरिंगची पेटी भंगारात घातली आणि सहा महिन्यांनी नेमकं तेच बेअरिंग लागलं, तर त्याचं नाव निघणार. "कुणी टाकलं?" हा प्रश्न प्रत्येक कारखान्यात विचारला जातो. "कुणी ठेवलं?" असं मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. पेटी पंधरा वर्षं पडून राहिली, तिने रॅकची जागा खाल्ली, वार्षिक मोजणीला दरवर्षी दोन माणसांचा वेळ खाल्ला, तरी त्याबद्दल कुणाचा पगार कापला जात नाही. ठेवणारा निनावी असतो. टाकणाऱ्याला सही करावी लागते.

ही गोष्ट मला नीट कळली ती एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये. सांगलीच्या बाजूला बिडाची ओतकामं करणाऱ्या बऱ्याच फाउंड्र्या आहेत. ओतकामाला आधी लाकडाचा पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबायचा, वाळूत त्याचा ठसा उमटतो, त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. चांगला पॅटर्न सागवानाचा. तो नेमक्या मापाचा करून चालत नाही. बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा घडवावा लागतो. त्यासाठी पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. कोपरे आतून गोल केलेले, वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना नजरेला न कळणारा उतार, वर रंगाचे दोन हात. पंपाच्या केसिंगचा एक जुना पॅटर्न मी हातात घेऊन पाहिला होता. गोगलगाईच्या शंखासारखा तो वळसा लाकडात इतका सफाईने उतरवलेला की कुठे जोड आहे ते नखानेही लागत नव्हतं. असे शेकडो पॅटर्न छतापर्यंत रचलेले होते. त्यावर धूळ, वाळवी, उंदरांनी कुरतडलेले कोपरे. त्यातले चालू कामाचे थोडे, बाकीच्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

फाईव्ह एसवाला सल्लागार तरुण पोरगा होता. त्याने शांतपणे विचारलं, "तात्या, हे सगळं कुणाचंय?"

मिस्त्री म्हणाला, "गिऱ्हाइकाचं."

"गिऱ्हाईक कुठंय?"

"ते बंद पडलं."

"मग टाकू या की."

"टाका की, साहेब. लिहून द्या तेवढं."

पोराने लिहून दिलं नाही. देणार तरी कसं? पॅटर्नचे पैसे गिऱ्हाइकाने भरलेले असतात, मालकी त्याची, फाउंड्री नुसती राखणदार. गिऱ्हाईक कंपनी बंद पडली, विकली गेली, भावाभावांत फुटली. पत्ता बदलला, पण मालकी संपल्याचा कागद कुणी दिलेला नाही. आणि मिस्त्रीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याही चिठ्ठीच्या रकान्यात मावत नाही. त्यातले पुष्कळसे पॅटर्न त्याच्या गुरूने घडवलेले होते. हे तो बोलला नाही. फक्त एकेक पॅटर्न खाली घेताना त्याने प्रत्येकावर हात फिरवून धूळ पुसली, आणि टाकायचाच आहे तो पुसता कशाला, असं विचारायचं धाडस आमच्यातल्या कुणालाही झालं नाही.

शेवटी मालकाने स्वतः बसून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली. अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, नाहीतर भाडं लावू, नाहीतर विल्हेवाट लावू, खाली स्वतःची सही. काही पत्रं परत आली, काहींना उत्तर आलं नाही, दोघे-तिघे टेम्पो घेऊन आले. मग शेड मोकळं झालं. जपानी शब्दांनी जे वर्षभर झालं नव्हतं ते एका सहीने झालं. सल्लागाराने आपल्या अहवालात याचं श्रेय फाईव्ह एसला दिलं, ते आम्ही देऊ दिलं.

हे सगळं आपल्याला जपान्यांनी शिकवलं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या घरात एक मामा महसूल खात्यात अव्वल कारकून होते. त्यांच्या तोंडी 'सहा गठ्ठे' हे शब्द मी फाईव्ह एस ऐकण्याच्या कितीतरी आधी ऐकले होते. प्रत्येक कारकुनाने आपल्या टेबलाचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे. एकात हातातली, कार्यवाहीची प्रकरणं. दुसऱ्यात कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी. तिसऱ्यात नियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या मुदतीने वर पाठवायची विवरणं. चौथ्यात स्थायी आदेश. पाचव्यात काम संपून अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं. आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, 'क' त्याहून कमी मुदतीचे, 'ड' वर्षभरात आयुष्य संपणारे. साहेबाच्या काळापासून चालत आलेली ही घडी. गावकामगारापासून जिल्ह्यापर्यंतच्या हिशेबांची शिस्त अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने ज्या पुस्तकात बांधली, ते 'अँडरसन मॅन्युअल' महसूलवाले आजही पोथीसारखं उघडतात. अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी 'लीन'वर पुस्तकं लिहिण्याच्या कितीतरी आधी आपल्या तहसील कचेरीतल्या कारकुनाला निवड आणि मांडणी नियमानेच लावून दिलेली होती.

आणि तरीही कचेऱ्यांत कपाटांवर गठ्ठे, कपाटांखाली गठ्ठे, जिन्याखाली गठ्ठे. मामांना एकदा विचारलं होतं, सहावा गठ्ठा कसा दिसतो? ते हसले. म्हणाले, "पाच बघितलेत मी." ड वर्गाचा कागद नष्ट करायचा तर यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची, मग त्यावर सही. आणि चौकशी लागली आणि नेमका तोच कागद मागितला तर? त्यापेक्षा जिन्याखाली जागा आहेच. मामांच्या हिशेबाने एक कागद जपण्याचा धोका शून्य होता आणि एक कागद जाळण्याचा धोका पेन्शनइतका मोठा.

ही गाठ कुणी सोडवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. अहमदनगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी असताना त्यांनी कलेक्टर कचेरीचं दप्तर मुळापासून लावलं, आणि 'लखिना पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्राच्या प्रशासनात रुळला. मग २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाचही जिल्ह्यांत लावली. दळवी मूळचे खटाव तालुक्यातल्या निढळचे, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्याचे. या मोहिमेचं नाव प्रलंबित प्रकरणांवरून पडलं असलं, तरी तिची सुरुवात गठ्ठे सोडण्यापासून होती: आधी कागद वर्गवार लावा, सहा गठ्ठे करा, मग रोजचं रोज संपवा. जुने कारकून सुरुवातीला कुरकुरले, मग एकमेकांच्या टेबलाकडे बघून लागले कामाला. माझ्या मते तिथे खरा फरक पडला तो एवढ्यानेच की नष्ट करा हे सांगणारा माणूस आयुक्ताच्या खुर्चीत होता. कारकुनाच्या सहीच्या वर एक मोठी सही आली. जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जो शंभर दिवसांचा कार्यक्रम कार्यालयांना दिला त्यातही अनावश्यक कागद, मोडकं सामान, नादुरुस्त गाड्या निर्लेखित करण्याचं कलम होतं, आणि मग कचेऱ्यांच्या आवारात वर्षानुवर्षं चाकं जमिनीत रुतून बसलेल्या जीपगाड्याही हलल्या. माणूस तोच, कागद तेच, नियमही तेच.

इथे एखादा वाचक म्हणेल, सगळंच काय टाकायचं? बरोबर आहे. २०२३ च्या शेवटी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभरच्या कचेऱ्यांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे जन्म-मृत्यूचे गाव नमुने, कोतवाल बुकं, फेरफार सगळं बाहेर आलं. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ज्या कागदाला चार पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं, त्यातल्या एका ओळीवर घराण्याचं भवितव्य ठरू लागलं. त्या निर्णयांच्या राजकारणात मी जात नाही. पण एक गोष्ट अभिलेख कक्षात काम करणाऱ्या कुणालाही विचारा: जिथे गावाचं नाव आणि साल लिहून गठ्ठे लावलेले होते तिथे नोंद हाताला लागत होती, आणि जिथे 'असू दे' म्हणून ढीग रचलेला होता तिथे कागद असूनही नसल्यासारखाच होता. ढिगातला कागद जपलेला नसतो, फक्त अजून सडलेला नसतो. जपण्यालाही कुणीतरी नाव लिहून सही करावी लागते. 'अ' वर्गाचा शिक्का म्हणजे दुसरं काय?

किर्लोस्करवाडीची गोष्ट तर याच्याही पलीकडची. बेळगावातून कारखाना हलवावा लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला. जागा औंधच्या पंतप्रतिनिधींची. पुढे पहिलं महायुद्ध लागलं, परदेशी बीड यायचं आटलं, भट्टी विझायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. आजच्या काळात असा निर्णय कुणी घेऊन दाखवावा! इतिहासप्रेमी मोर्चा काढतील, आणि खरं सांगायचं तर माझ्यातलाही एक कोपरा त्या मोर्च्यात सामील होईल. पण गंजत्या तोफेकडे बघून 'लागेल कधीतरी' न म्हणता 'आत्ता लागतेय' म्हणणारा माणूस खुद्द छत्रपती होता. संस्थानात त्याच्या वर विचारायला कुणी नव्हतं.

सांगलीत मात्र एक अशी व्यक्ती आहे जी कुणाचीच सही मागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, वखार भाग, मारुती रोड, सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर दुकानांतला माल रस्त्यावर आला तेव्हा पेठेत चालायला वाट नव्हती. हिशेबाच्या वह्या, कापडाचे तागे, फुगलेली फर्निचरं, औषधांची खोकी, सगळं एकाच चिखलाच्या रंगाचं. १८६९ पासूनच्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्यात गेली. लाल चिठ्ठ्यांच्या सल्लागारांना माझं सांगणं असतं की त्यांनी एकदा हा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. वस्तू नको असणं वेगळं आणि ती नाहीशी होणं वेगळं.

म्हणूनच सांगलीतली मांडणी पुस्तकात सांगितलेल्या मांडणीसारखी होत नाही. पुस्तक म्हणतं, रोज लागणारी वस्तू हाताच्या उंचीवर, क्वचित लागणारी वर. सांगलीचा व्यापारी म्हणतो, भिजून चालणार नाही ती वर, भिजली तरी धुऊन घेता येते ती खाली. २००५ च्या पुरानंतर अनेकांनी भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवली आणि तिच्या वर हातभर अंतर सोडून फळ्या ठोकल्या. २०१९ ला पाणी त्या फळ्यांच्याही वर चढलं. आता नव्या फळ्या छताला टेकल्यात आणि रोजची वही काढायला शिडी लागते. कुणी लीनचा तज्ज्ञ आला तर त्याला ही शिडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय वाटेल. त्याने जुलै-ऑगस्टमध्ये यावं.

कारखान्यात परत यायचं तर एका गोष्टीबद्दल फाईव्ह एसवाले फार कमी बोलतात. मशीनवरच्या कामगाराचा स्वतःचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात चार इन्सर्ट (कापायच्या हत्याराची बदलायची टोकं), दोन ड्रिल, एक चांगली कानस, ॲलन कीचा सेट, जुनी चिंधी. सफाईच्या मोहिमेत सगळ्यात आधी धाड पडते ती या डब्यांवर. साहेब लोक डबे उघडून फोटो काढतात, "बघा, साठेबाजी!" पण हा डबा भरला कसा? रात्रपाळीला इन्सर्ट तुटला, स्टोअर बंद, किल्ली साहेबाच्या खिशात, साहेब घरी. मशीन चार तास उभं राहिलं आणि सकाळी उत्पादन कमी का म्हणून बोलणी कुणी खाल्ली? ऑपरेटरने. त्या दिवसापासून तो एक इन्सर्ट जास्त मागून डब्यात टाकतो. मी एका कारखान्यात हे उलटं केलेलं पाहिलं. रोजचे इन्सर्ट मशीनजवळच्या उघड्या कप्प्यात, चिठ्ठी नाही, सही नाही, संपत आले की पिवळी पट्टी दिसते, की स्टोअरवाला भरून जातो. मालकाला वाटलं होतं, पोरं पळवतील. वापर उलट कमी झाला आणि डबे हळूहळू रिकामे झाले. एकाने त्याच्या डब्यात जेवणाच्या वेळचा पत्त्यांचा कॅट ठेवला.

हल्ली कागद कमी झालेत, सगळं संगणकावर. मामांच्या जुन्या खात्यातला त्यांचा एक सहकारी परवा भेटला. त्याच्या कचेरीतही आता ई-ऑफिस आहे, जुने गठ्ठे स्कॅन करून घेतले. मी विचारलं, कुठले कुठले केले? तो म्हणाला, सगळे. कंत्राट पानावर होतं, एका पानाला अमुक पैसे. कंत्राटदाराने पाच गठ्ठे उचलले, त्यानंतर जिन्याखालचा ढीगही उचलला. नष्ट करायच्या कागदांची यादी कुणी सही करून दिलेली नव्हती, तेव्हा तेही झाले.

"ड वर्गाचे पण?" मी विचारलं.

"आता ते सर्व्हरवर आहेत," तो म्हणाला. "बॅकअपसकट."